लांब पिन

आमचं उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं. समाधीवर माथा टेकायला लांबून माणसं येतात. गावातली माणसं मात्र पोटासाठी मुंबईला जात राहिली. मीही दहावी झाल्यावर गेलो, आणि पॉवर कॉर्डच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर अठरा वर्षं काढली.

माल परदेशी जायचा. कॉर्डचं एक टोक सगळ्यांचं सारखं, कॉम्प्युटरच्या मागे बसणारं, तीन भोकांचं. दुसरं टोक देशागणिक वेगळं. अमेरिकेला चपट्या पात्या आणि यूएलचं चिन्ह, जर्मनीला दोन गोल पिना आणि व्हीडीई, ब्रिटनला चौकोनी पिना आणि आत फ्यूज. सुरुवातीला मला ही चिन्हं म्हणजे नुसते साहेबी शिक्के वाटायचे. मग त्यांच्यामागची भीती कळली. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात विजेच्या दिव्यांचा झगमगाट होता आणि विमा कंपन्यांना धास्ती होती आगीची. त्यांनी विल्यम मेरिल या तरुण इंजिनिअरला तारा तपासायला धाडलं. पुढच्याच वर्षी त्यानं प्रयोगशाळा काढली, तीच पुढे यूएल झाली.

रंगांची गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. जर्मनीत एके काळी अर्थिंगची तार लाल असायची. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे लाल म्हणजे फेज. जर्मन यंत्राला ब्रिटनमध्ये कुणी सवयीनं टॉप, म्हणजे प्लग, जोडला, की यंत्राच्या पत्र्यातच वीज उतरायची. म्हणून युरोपातल्या देशांनी मिळून कॉर्डचे रंग ठरवले: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अर्थला दोन रंग अशासाठी, की ज्याला रंग नीट ओळखता येत नाहीत त्यालाही ती वेगळी दिसावी.

आपला गोल पिनांचा टॉप मूळचा ब्रिटिशांचा, 1934 च्या मानकातला. 1947 मध्ये त्यांनी स्वतःसाठी चौकोनी पिना ठरवल्या, आपण गोलच ठेवल्या. त्याच वर्षी आपल्याकडे इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन निघाली आणि 1955 पासून मालावर आयएसआयचं चिन्ह दिसू लागलं. चिन्ह आलं, तरी वीज आमच्या घरी नव्हती. आमच्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजकेंद्रातली वीज 1927 पासून मुंबईला जात होती. माझ्या आजीच्या ओटीवर मात्र चिमणीच जळायची.

टेबलावर आम्ही कॉर्डचे हाल करायचो. टॉपमध्ये वायर शिरते तिथंच ती तुटते, म्हणून वजन टांगून ती मान हजारो वेळा डावी-उजवीकडे वाकवायची. तापून लाल झालेली तार प्लॅस्टिकला टेकवायची. पेट घेतला तरी तार काढल्यावर तीस सेकंदांत विझायला हवं. अर्थची पिन लांब का, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: आत जाताना ती सगळ्यांत आधी लागते, निघताना शेवटी सुटते.

जुलै 2021 मध्ये सावित्री नदीचं पाणी महाडात शिरलं. ते ओसरल्यावर मी तिथल्या बहिणीकडे गेलो. अंगणात चिखलानं भरलेल्या वस्तूंचा ढीग. भिजलेली कॉर्ड पुन्हा कुणी लावू नये म्हणून मी एकेक कापत बसलो. त्यात एक्स्टेंशन बोर्डाची काळी कॉर्ड होती, अंगावर कसलंच चिन्ह नसलेली. सोलली तर आत दोनच तारा. चुंबक धरला, तर चिकटल्या. तांब्याचा नुसता मुलामा होता, आत लोखंड. टॉप फोडला. लांब पिन कशालाच जोडलेली नव्हती.

"दादा, फ्रिज ह्याच्यावरच होता रे," बहीण म्हणाली. तिचा धाकटा दिवसातून दहादा ते दार उघडायचा, अनवाणी.