जायलाही ऐपत लागते

आमच्या वाडीवर पोस्टमन यायचा तो महिन्याच्या दहा-बारा तारखेला. त्याची खाकी पिशवी पाखाडीवरून दिसली की बाया हातातलं काम टाकून अंगणात येत. खेड तालुक्यातलं आमचं गाव भातावर जगतं असं कागदावर होतं. खरं जगायचं ते मनीऑर्डरीवर. घरचं भात माघापर्यंत पुरायचं. पुढचं मीठ-मिरची, रॉकेल, पोरांच्या फिया, म्हाताऱ्यांची औषधं, सगळं परळ-लालबागहून यायचं.

हे काही आमच्या बापाच्या पिढीत सुरू झालं नव्हतं. मुंबईत ताडदेवला पहिली कापडगिरणी चालू झाली 1856 मध्ये. पुढे गिरण्या वाढत गेल्या तशी रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं बोटीने, नंतर एस.टी.ने तिकडे जात राहिली. त्याच्याही आधी, 1834 नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर जाऊ लागले, त्यांत कोकणातली माणसंही होती. तिथं आजही मराठी घरं आहेत. म्हणजे घर सोडून जाणं आम्हाला नवं नव्हतं. पण पूर्वी जाणाऱ्याला गावातलाच कुणीतरी हाताला धरून न्यायचा, गावकीच्या खोलीत पथारीपुरती जागा द्यायचा आणि जॉबरपुढे उभा करायचा. एस.टी.चं भाडं असलं की माणूस मुंबईला लागायचा.

माझा काका असाच गेला होता. साचेखात्यात होता. आधी बदली, मग कायम. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सातवीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते. गावात सगळ्यांना वाटलं, महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट. काका शिमग्याला आला. पालखी नाचवली, सोंगं झाली. एरवी चाकरमानी पाडवा धरून परत जायचे. त्या वर्षी कुणीच गेलं नाही. पावसाळा लागला, लावणीला कधी नव्हे इतके हात मिळाले, आणि घराघरांतली भाताची कणगी मात्र त्याच हातांनी लवकर रिकामी केली. पोस्टमन पाखाडीने येई, दोन पत्रं देई आणि मान खाली घालून जाई. त्याचा काय दोष होता!

काकाच्या डोक्यात आखाताचा विचार आला तो त्या श्रावणात. खाडीकडच्या मोहल्ल्यात तेव्हा तीन घरांवर स्लॅब पडला होता. ते पैसे दुबई-कुवेतचे. मोहल्ल्यात एक चाचा होते, आमच्या आजोबांच्या उठण्याबसण्यातले. ते 1957-58 च्या सुमाराला ‘द्वारका’ नावाच्या आगबोटीवर डेकचं तिकीट काढून कुवेतला गेले होते. काका त्यांच्याकडे विचारायला गेला. वही-पेन्सिल घेऊन मलाही सोबत नेलं.

चाचांनी आधी जुनं सांगितलं. ते म्हणाले, “मी गेलो तेव्हा तिकडे आपला रुपया चालायचा. पगार रुपयात.” मला ते खरं वाटलं नव्हतं. पुढे वाचलं तेव्हा कळलं की अगदी खरं होतं. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटाच काढल्या होत्या. 1961 मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला, आणि 1966 मध्ये आपल्या रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर बाकीच्यांनीही रुपया सोडायला सुरुवात केली. दुबईत तेल सापडलं तेही 1966 सालचं. 1971 च्या डिसेंबरात संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र झालं. 1973-74 मध्ये तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला आणि तिकडे बंदरं, रस्ते, इमारती एकदम निघाल्या. एकेकाळी तिकडचे मोत्यांचे व्यापारी मोती विकायला मुंबईला येत. आता मुंबईचा माणूस विटा उचलायला तिकडे निघाला होता. काळ असा फिरला.

मग चाचांनी हिशोब मांडायला लावला. तो माझ्याच वहीत झाला. भेंडीबाजाराकडचा एक एजंट दुबईच्या बांधकामावरच्या कामासाठी दहा हजार मागत होता. करार दोन वर्षांचा, पगार सहाशे दिरहाम. दिरहामाला तेव्हा साधारण अडीच रुपये पडत. म्हणजे दीड हजार.

“खायला-प्यायला दोनशे दिरहाम धर,” चाचा म्हणाले. “राहिले किती?”

“चारशे. म्हणजे हजार रुपये,” मी म्हणालो.

“घरी किती लागतात, बाबा?”

“चारशे तरी लागतात, चाचा,” काका म्हणाला.

“सहाशे उरले. दहा हजार कुठून आणशील? व्याजाने. दरमहा शेकडा तीन. म्हणजे पहिल्या महिन्याला तीनशे नुसतं व्याज. मुद्दलात पडले तीनशे.”

अशी एकेक महिन्याची ओळ घालत आम्ही पानं भरली. कर्ज फिटलं ते चोविसाव्या महिन्याला. करारही तिथंच संपत होता. चाचा म्हणाले, “बघ. दोन वर्षं उन्हात राबून तू हात हलवत येणार. तेही एजंट खरा असला तर. तिकडे पासपोर्ट मालक ठेवून घेतो. कामाचा बोल एक आणि तिकडे गेल्यावर भलतंच, असंही होतं.”

काका बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पण चाचा, घरी चारशे तर येतील. हितं आज तेवढंबी नाय.”

चाचांकडे याला उत्तर नव्हतं. अजून माझ्याकडेही नाही.

काकाने जायचं ठरवलं. पासपोर्टचा अर्ज भरला. प्रश्न उरला दहा हजारांचा. आजीने पेटीतून पुतळ्यांची माळ काढली. “घे बाबा, माझ्या अंगावर आता कशाला शोभतेय,” एवढंच म्हणाली. सोनार दोन हजारांच्या वर बोलायला तयार नव्हता. बँकेत विचारलं तर संपावरच्या कामगाराला कर्ज कोण देणार? सावकार म्हणाला, जमीन लिहून द्या. सातबारा काढला. कोकणात ज्यांची जमीन आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मळ्याचा तो तुकडा सव्वीस गुंठे, आणि त्यावर नावं अकरा. चुलते, त्यांची पोरं, दोन आत्या. चौघं मुंबईत, तेही संपावरच. एकाचा पत्ताच नाही. माझे वडील महिनाभर सह्यांसाठी दारोदार फिरले. सात झाल्या. आठवा चुलतभाऊ ओटीवर बसून शांतपणे म्हणाला, “दादा, तो तिकडून आलाच नाय तर आमी खायचं काय?” तोही खोटं बोलत नव्हता. वडील उठले, पाणीही न घेता घरी आले.

त्याच महिन्यात मोहल्ल्यातला काकाच्या बरोबरीचा एक जण कुवेतला गेला. त्याच्या मेहुण्याने तिकडून व्हिसा पाठवला होता. एजंट नाही, सावकार नाही. विमानाचं तिकीटही मेहुण्याचंच. त्याच मोहल्ल्यातल्या ज्या घरातलं तिकडे कुणी नव्हतं, ती पोरं आमच्यासारखीच बसून होती.

गावात अजून म्हणतात, ज्यांना गरज होती ते गेले. मी जे पाहिलं ते तसं नव्हतं. सगळ्यांत जास्त गरज ज्यांना होती ते जागेवरच राहिले. गेले ते, ज्यांचं तिकडे कुणी होतं किंवा ज्यांच्याकडे गहाण टाकण्याजोगं काही होतं. मुंबईला जायला एस.टी.चं भाडं पुरायचं. आखाताला जायला आधी थोडं श्रीमंत असावं लागायचं. दिवस फिरले की माणूस दारापर्यंत येतो. दाराबाहेर पडायला पैसा आणि ओळख लागते. इंग्रजांच्या वेळचा 1922 चा कायदा बदलून सरकारने 1983 मध्ये परदेशी जाणाऱ्या मजुरांसाठी नवा कायदा केला आणि एजंटांना परवाना सक्तीचा झाला. फसवणूक थोडी अडली असेल. पण सातबाऱ्यावरच्या अकरा नावांना त्यात उपाय नव्हता.

काकाचा पासपोर्ट दिवाळीनंतर आला. तोच पोस्टमन घेऊन आला. कितीतरी महिन्यांनी आमच्याकडे सहीचं टपाल आलं, म्हणून आजीने त्याला चहा दिला. काकाने तो उघडून आपला फोटो पाहिला आणि पेटीत माळेशेजारी ठेवला.

संप कधी मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही. गिरण्या हळूहळू अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या, काकाची जागा गेली ती गेलीच. 1983 च्या उन्हाळ्यात तो भिवंडीला यंत्रमागावर लागला. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी. गिरणीतला रजा-बोनस नाही. साचा मात्र ओळखीचा होता. मनीऑर्डर पुन्हा येऊ लागली, पूर्वीच्या निम्म्याने.

2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतलं. मोहल्ल्यातला तो माणूस बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मानला पोचला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या दोन महिन्यांत 1 लाख 70 हजारांवर भारतीय असे आणले गेले. आठ वर्षांची कमाई तिकडेच राहिली, हातात एक रेग्झिनची पिशवी. काका नेमका गणपतीला गावी आला होता. त्याला भेटायला गेला, तेव्हा मी सोबत होतो. मला वाटलं, काका मनात म्हणेल, बरं झालं गेलो नाही. पण परत येताना तो म्हणाला, “त्याचं घर झालं रे. पोरगी शिकली. आता जरा थांबून परत जाईल बघ.”

आणि तो खरंच दोन वर्षांनी परत गेला.

काका 2009 मध्ये वारला. पेटी आवरताना पासपोर्ट निघाला, कोरा. माझी वहीसुद्धा त्याने जपून ठेवली होती. मी चोवीस ओळी पुन्हा तपासल्या. हिशोब बरोबर होता.