तरफेची बंदूक आणि पन्हाळ्याचें रान

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें २० किलोमीटरांवर असलेला पन्हाळा इतिहासप्रेमी मंडळींस आठवतो तो १६६० सालच्या सिद्दी जौहरच्या वेढ्यामुळें. राजापूरच्या वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन त्या वेढ्यांत उखळी तोफ व स्फोटक गोळे घेऊन आला व इंग्रजी निशाण फडकावून त्यानें गडावर मारा केला. पुढल्याच वर्षीं शिवाजी महाराजांनीं राजापूरची वखार लुटून त्याला व त्याच्या सोबत्यांना कैद केलें. परक्याच्या कारखान्यांतून आलेलें अधिक दूर व अधिक जोरानें मारणारें हत्यार आपल्या डोंगरांत काय उलथापालथ करतें, याचा पहिला धडा या गडानें असा घेतला. दुसरा धडा युद्धाचा नव्हे, तर शिकारीचा होता, व तो रानांतील जनावरांना अधिक महाग पडला.

जुनी देशी बंदूक तोड्याची. नळीच्या तोंडांतून दारू ओतावी, गोळी सोडावी, गजानें ठासावी, कानाशीं रंजक घालावी आणि जळता तोडा त्यावर टेकवावा. एवढा उपद्व्याप केल्यावर एक बार उडे. पाऊस असला तर तोही उडेल याचा भरंवसा नसे. आणि पन्हाळ्याच्या माथ्यावर आषाढ-श्रावणांत धुकें व पाऊस यांखेरीज दुसरें कांहीं नसतें. म्हणून त्या काळचा शिकारी जनावराच्या अगदीं जवळ जाई, वारा पाही, वाट पाही, आणि मगच बत्ती देई. बार फुकट गेला तर दुसरा भरीपर्यंत रान मोकळें होई. संयम हा त्याच्या स्वभावाचा गुण असो वा नसो, त्याच्या बंदुकीचा तो गुण होताच.

१८४४ सालीं कोल्हापूर संस्थानांत गडकऱ्यांचें बंड झालें. पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखणाऱ्या या लोकांनीं गडांचे दरवाजे लावून घेतले. कर्नल ओव्हन्स या अधिकाऱ्यास त्यांनीं पन्हाळ्यावर कैदेंत ठेवलें. १ डिसेंबर १८४४ रोजीं इंग्रजी तोफांनीं तट फोडून गड घेतला. गडकऱ्यांची जुनी शिबंदी मोडली व किल्ल्याचें लष्करी महत्त्व संपलें. पुढें १८७८ सालीं ब्रिटिश मुलुखांत हत्यारांचा कायदा झाला व परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरलें. सामान्यांच्या हातांतून बंदूक निघून जात होती. आणि नेमक्या याच काळांत श्रीमंतांच्या व अधिकाऱ्यांच्या हातांतील बंदूक झपाट्यानें बदलत होती.

हा बदल घडविला तो धातूच्या काडतुसानें आणि तरफेनें. १८७१ सालीं ब्रिटिश फौजेनें मार्टिनी-हेन्री ही बंदूक स्वीकारली. दस्त्याखालीं असलेली तरफ खालीं ओढली कीं मागचा ठोकळा उतरे, रिकामें काडतूस बाहेर पडे व चापाची कळ सज्ज होई. नवें काडतूस सरकवून तरफ वर घेतली कीं बंदूक तयार. नळीचा व्यास इंचाच्या शेंकडा ४५ भाग, आणि गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारें ३१ ग्रॅम वजनाची. परंतु हिच्यांत काडतूस एका वेळीं एकच बसे. अमेरिकेंतील विंचेस्टर कारखान्यानें त्यापुढें मजल मारली. १८६६ व १८७३ सालच्या त्यांच्या बंदुकींत नळीखालीं दुसरी नळी असे व तींत काडतुसें एकापाठीं एक भरलेलीं असत. तरफ एकदां खालीं-वर केली कीं नवें काडतूस नळीच्या मुखाशीं येऊन बसे. मात्र त्यांचीं काडतुसें बेताचीं. जॉन ब्राउनिंगच्या कल्पनेनें १८८६ सालीं जी बंदूक निघाली, तिचा कुलुपाचा भाग इतका मजबूत होता कीं मोठ्या जनावरांना पुरे पडेल असें जाड काडतूसही ती सहज पेलूं लागली.

अशी बंदूक शिकारीसाठीं सज्ज करणें हें एक शास्त्रच होतें. नळींतील काडतुसें एकापाठीं एक असल्यामुळें गोळीचें टोंक सपाट ठेवावें लागे. अणकुचीदार टोंक पुढच्या काडतुसाच्या टिकलीवर आदळलें तर बार आंतच उडण्याची भीति. १८९५ सालच्या नमुन्यांत काडतुसें पेटींत एकावर एक रचण्याची सोय झाली, तेव्हां ही अडचण गेली. याच नमुन्याची .४०५ व्यासाची बंदूक थिओडोर रूझवेल्टनें १९०९ सालीं आफ्रिकेंत नेली होती. दाट झाडींत चटकन्‌ दिसावी म्हणून पुढची माशी ठळक व पांढरी बसवीत. सह्याद्रीचा गवा खांद्याशीं सहा फुटांच्या आसपास उंच आणि वजनानें हजार किलोंपर्यंत भरणारा. तेव्हां हाड फोडून आंत जाणारी टणक गोळी त्याला लागे. काळ्या दारूचा मळ लोखंड खाई, म्हणून शिकारीहून येतांच नळी ऊन पाण्यानें धुऊन, कोरडी करून तेल लावीत.

हिंदुस्थानांतील बहुतेक बडे शिकारी दुनळीलाच चिकटून राहिले. परंतु इंग्रज सरकारला भय होतें तें वेगळेंच. मार्टिनीचें काडतूस बंडखोरांच्या हातीं पडूं नये म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हिंदुस्थानांत .४५० व्यासाच्या काडतुसांवर बंदी आली, आणि विलायती कारागिरांनीं लगोलग .४६५ व .४७० असे नवे व्यास काढले. बंदीचा हेतु राज्याच्या रक्षणाचा होता, गव्याच्या रक्षणाचा नव्हे.

गव्याचें रक्षण झालें तें अनपेक्षित मार्गानें. १८९४ सालीं अधिकारसूत्रें हातीं घेणारे शाहू छत्रपति स्वतः शिकारीचे मोठे शौकीन; पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरविण्याची परंपराही कोल्हापूर संस्थानांत होती. दाजीपूरचें रान दरबारच्या शिकारीसाठीं राखीव राहिलें. इतर जंगलें तुटलीं तरी हें टिकलें. संस्थानें गेलीं, आणि १९५८ सालीं त्याच रानाचें अभयारण्य झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तर गव्यावर बंदूक रोखण्याचाच मार्ग बंद केला. २०१२ सालीं राधानगरीचा हा परिसर पश्चिम घाटाच्या जागतिक वारशांत गणला गेला.

तोड्याच्या बंदुकीनें शिकाऱ्याला थांबायला लावलें होतें. तरफेनें हें थांबणें काढून टाकलें. दुसरा, तिसरा, चौथा बार केवळ मनगटाच्या एका हालचालीवर आला. हत्यारांतून संयम नाहींसा झाला कीं तो मनुष्याला बाहेरून, कायद्यानें, घालावा लागतो. आणि कायदा नेहमींच थोडा उशिरानें पोहोंचतो. पन्हाळ्याच्या तटांवर १८४४ च्या तोफांनीं पाडलेलीं खिंडारें पाहतां येतात. त्यापुढील शंभर वर्षांत रानांत पडलेलीं खिंडारें मात्र डोळ्यांस दिसत नाहींत. ज्या दऱ्यांत गवा पुन्हां चरूं लागला आहे, त्या भरल्या. ज्या दऱ्यांत वाघाची डरकाळी परतली नाहीं, त्यांचा हिशेब अजून बाकीच आहे.