कोसळत्या भिंती, चढते भाडे : एका रोमन घरमालकाचा हिशेब

१/ इ.स.पू. ४४ चा एप्रिल. ज्युलियस सीझरच्या हत्येला जेमतेम महिना झाला आहे. रोमच्या भवितव्याच्या चिंतेने सिसेरो व्याकूळ आहे. तरीही मित्र अ‍ॅटिकसला लिहिलेल्या त्याच्या पत्रांत एक वेगळाच विषय मध्येच डोकावतो : भाड्याचे उत्पन्न. #थ्रेड

२/ नेपल्सच्या आखातावरील पुतिओली बंदरात क्लुव्हियस नावाचा सावकार होता. त्याच्या मृत्युपत्रानुसार सिसेरोला आदल्या वर्षी काही मालमत्ता मिळाली. तिचे उत्पन्न आता १,००,००० सेस्टर्सवर पोहोचले का, असे अ‍ॅटिकस विचारतो. सिसेरो कळवतो की ते त्या आकड्याच्या जवळ येत आहे. पहिल्या वर्षी ८०,००० हाती आले. त्या काळी साध्या सैनिकाचा वार्षिक पगार होता ९०० सेस्टर्स. म्हणजे एका वारशातून वर्षाला सुमारे ८९ सैनिकांचा पगार!

३/ त्याच आठवड्यातील दुसऱ्या पत्रात मात्र वेगळी बातमी आहे. त्याची भाड्याने दिलेली दोन दुकाने कोसळली असून उरलेल्यांना तडे गेले आहेत. भाडेकरूच काय, उंदीरही पळून गेले, असा विनोद तो करतो. व्हेस्टोरियस या सावकाराच्या सल्ल्याने त्याने पुनर्बांधणीची अशी योजना आखली आहे, की हे नुकसानच लाभदायक ठरावे.

४/ हा धंदा नेमका कसा चाले? खुद्द रोममध्ये बहुमजली भाड्याच्या इमारतीला ‘इन्सुला’ म्हणत. शब्दशः अर्थ ‘बेट’. तळाला दुकाने, वर बिऱ्हाडे. जागा तेवढीच, पण मजले वाढवले की भाडेही वाढे. म्हणून इमारती इतक्या उंच गेल्या, की सम्राट ऑगस्टसला ७० रोमन फुटांची मर्यादा घालावी लागली. पुढे ट्रेजनने ती ६० वर आणली.

५/ मात्र हाती येणारे भाडे म्हणजे निव्वळ नफा नव्हे. दुसऱ्या शतकातील लेखक औलुस गेलियस एक प्रसंग नोंदवतो. काही मंडळी सिस्पियन टेकडीकडे जात असता एक उंच इन्सुला जळताना दिसते. त्यांतील एकजण म्हणतो, की शहरातील मालमत्तेचे उत्पन्न मोठे खरे, पण धोके त्याहून कितीतरी मोठे. आगीवर उपाय असता, तर गावाकडची जमीन विकून आपण शहरातच घरे घेतली असती. गुंतवणुकीचे याहून नेमके मूल्यमापन क्वचितच सापडेल.

६/ हाच धोका क्रॅससने भांडवल म्हणून वापरला. प्लुटार्क सांगतो, की त्याने बांधकाम जाणणारे ५०० हून अधिक गुलाम बाळगले होते. जळणारी घरे आणि त्यांच्या शेजारची घरे भेदरलेल्या मालकांकडून तो कवडीमोलाने विकत घेई. अशा रीतीने रोमचा मोठा भाग त्याच्या मालकीचा झाला.

७/ ज्याला एवढी यातायात नको, तो संपूर्ण इमारत मक्त्याने देई. मालकाला ठरलेली रक्कम मिळे. खोल्या भरणे आणि भाडे वसूल करणे ही मक्तेदाराची डोकेदुखी. सिसेरोचा समकालीन विधिज्ञ अल्फेनस व्हारस याच्यापुढचे एक प्रकरण पुढे जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये जतन झाले आहे. त्यात मक्तेदाराने इमारत ३० ला घेतली आणि पोटभाडेकरूंकडून एकूण ४० वसूल होतील अशी व्यवस्था केली. मालकाने मध्येच ती पाडली. आता भरपाई किती?

८/ अल्फेनसचा निवाडा असा : इमारत खरोखरच धोकादायक म्हणून पाडली असेल, तर न वापरलेल्या काळापुरती ३० च्या प्रमाणात सूट. मात्र गरज नसताना, केवळ अधिक चांगली इमारत उभारण्यासाठी पाडली असेल, तर मक्तेदाराचे जे प्रत्यक्ष नुकसान झाले, ते सारे भरून द्यावे. म्हणजे मालकाच्या ३० बरोबर मक्तेदाराचे वरचे १० ही हिशेबात आले.

९/ आणि ते ४० ज्यांच्या खिशातून यायचे, त्यांचे काय? यादवी युद्धाच्या काळात, इ.स.पू. ४८ आणि ४७ मध्ये, भाडेमाफीच्या मागणीवरून रोममध्ये रक्त सांडले. सीझरने रोममधील २,००० सेस्टर्सपर्यंतचे एका वर्षाचे भाडे माफ केले. लोकांनी दुसऱ्याच्या घरात फुकट का राहावे, असा आक्षेप सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात नोंदवला. हा ग्रंथ इ.स.पू. ४४ चाच, भिंती कोसळल्याचा विनोद केला, त्याच वर्षीचा.

१०/ सिसेरोच्या पत्रांत ८०,००० चा आकडा आहे, पळालेले उंदीर आहेत. पळालेल्या माणसांपैकी एकाचेही नाव नाही. ती कुठे गेली, त्यांच्या भाड्याचे काय झाले, हे प्रश्न त्याच्या हिशेबात येत नाहीत.

११/ अल्फेनसपुढे मात्र असा प्रश्न आला होता : भीतीपोटी घर सोडून गेलेल्या भाडेकरूने भाडे द्यावे का? त्याने सांगितले, की भीतीला रास्त कारण असेल, तर प्रत्यक्ष धोका नसला तरीही भाडे देणे लागत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी भाडेकरूची भीती कायद्याने मोजली, ही बाब मला क्रॅससच्या संपत्तीहून अधिक मोलाची वाटते.

१२/ रोमला गेलात, तर कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याशी दुसऱ्या शतकातील एका इन्सुलाचे अवशेष अवश्य पाहा. खालचे मजले आज रस्त्याच्या पातळीखाली आहेत. सम्राटांची स्मारके पाहून झाली, की पाच मिनिटे तिथे थांबा. बहुसंख्य रोमन माणसे अशाच घरांत राहत होती आणि भाडे भरत होती.