गाईंसाठी तटबंदी

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कडे, बुरूज आणि तोफा येतात. आयर्लंडमध्ये ४० हजारांहून जास्त 'रिंगफोर्ट' आहेत. प्रत्यक्ष बघायला जावं तर कुरणात मातीचा एक गोल बांध, त्याच्या बाहेरून चर आणि आत नुसतं गवत! आतला व्यास बहुतेक वेळा ३० मीटरच्या आसपास. इथे सैन्य मावणार कुठे? आत सहसा विहीरही नसते. म्हणजे वेढा पडला की खेळ खलास.

मग एवढी माती उपसली कशासाठी? तर गाईंसाठी.

यातले बहुतेक रिंगफोर्ट साधारण इ.स. ६०० ते ९०० मधले. आयर्लंडमध्ये पहिली नाणी पाडली गेली ती डब्लिनला, ९९७च्या सुमारास. तोवर दंड, देणी, माणसाची पत, सगळं दुभत्या गाईंत मोजत. असं धन चोरायला सोपं, कारण ते स्वतःच्या पायांनी चालतं. गुरं पळवणं तर तरुण सरदारांना पराक्रमच वाटे. तिथली सर्वांत प्रसिद्ध वीरकथाही एक वळू पळवण्यासाठी केलेल्या स्वारीची आहे.

अशा टोळीला वेढा घालायला सवड नसते. रात्री यायचं, गुरं हाकायची आणि पळायचं. तिला रोखायला चर, बांध आणि एकच दार पुरेसं होतं. निदान दुभती जनावरं आणि वासरं आत घेता येत. शिवाय तेव्हा लांडगेही होते.

आत राही ते शेतकऱ्याचं कुटुंब. अँट्रिम परगण्यातल्या डिअर पार्क फार्म्स इथे १९८४ ते ८७ मध्ये उत्खनन झालं. तिथे ओलीमुळे टिकलेल्या गोल झोपड्या सापडल्या. भिंती विणलेल्या कुडाच्या, दुहेरी, आणि मधल्या पोकळीत थंडी अडवायला गवत, शेवाळ असं काहीबाही भरलेलं. इंजिनिअर म्हणून मला तटापेक्षा याचंच जास्त कौतुक वाटतं!

काही ठिकाणी दोन-तीन बांध दिसतात, तो मात्र बराचसा थाट. इ.स. ७००च्या सुमारासच्या एका कायदेग्रंथाप्रमाणे राजाच्या घराभोवतीचा चर त्याच्या अंकितांनी खणून द्यायचा असे. जितके चर, तितके अंकित.

पुढे लोक हे सगळं विसरले आणि या जागा पऱ्यांच्या ठरल्या. तिथे नांगर घातला तर घरावर संकट येईल, या भीतीने बांध शतकानुशतकं टिकले. विसाव्या शतकात यंत्रं आली आणि कित्येक सपाट झाले. नावं मात्र उरली आहेत. रॅथमाइन्स, लिसडूनवार्ना अशा नावांतलं 'रॅथ' किंवा 'लिस' म्हणजे हेच, कुणा शेतकऱ्याचं बांधाआडचं घर.