संस्कृतीकरण

खालची मानली गेलेली जात वरच्या जातीचे आचार, आहार, विधी आणि देवदेवता उचलते व एकदोन पिढ्यांनी वरच्या स्थानावर हक्क सांगते, या प्रक्रियेला समाजशास्त्रात संस्कृतीकरण म्हणतात. संस्कृत शिकण्याशी तिचा संबंध नाही. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांचे विद्यार्थी असलेले एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्ग लोकांवरील १९५२ च्या ग्रंथातून ही संज्ञा रूढ केली. ‘ब्राह्मणीकरण’ हा शब्द त्यांना अपुरा वाटला. नमुना क्षत्रियाचा किंवा वैश्याचाही असू शकतो, हे त्यांनी पुढे मान्य केले.

अनुकरणाची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी, जातीअंतर्गत विवाहाची बंदिस्ती ब्राह्मणांच्या अनुकरणातून इतरांत पसरली, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गॅब्रिएल टार्डचा आधार घेऊन मांडले होते. संस्कृतीकरणाच्या चर्चेत या निबंधाची आठवण अभावानेच निघते.

अनुकरण वरच्यांना खपतेच असे नाही. पेशवाईत सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले, निऱ्यांचे धोतर नेसू लागले, एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणू लागले. पेशव्यांनी ते बंद पाडले, आणि मुंबईच्या सोनारांसाठी कंपनी सरकारकडूनही मनाईहुकूम काढवला. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात तर खुद्द छत्रपती शाहूंसाठी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणत होता.

या प्रक्रियेत जातीची जागा हलते, उतरंड तशीच राहते. हे श्रीनिवासांनाही मान्य होते. किंमत बहुधा बायकांनी मोजली: प्रतिष्ठा वाढली की विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, बंद. टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा की, या संकल्पनेत ब्राह्मणी आचार हीच उंचीची मोजपट्टी ठरते आणि ती नाकारणाऱ्यांना जागा उरत नाही. १८७३ च्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहितालाच वगळले होते.

श्रीनिवासांचा या विषयावरील गाजलेला लेख १९५६ चा. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. तेथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू सोडण्याची प्रतिज्ञा आहे, तशी ब्राह्मणाकडून कोणताही विधी न करवण्याचीही आहे. पहिली सुटी वाचली तर ती संस्कृतीकरणाच्या खात्यात सहज जमा होते.