कोर्देरो, लोर्ना

(जन्म ९ ऑगस्ट १९४६). जॅझच्या मुशीत घडलेली गोमंतकीय गायिका, कोंकणी लोकप्रिय गीताचा सर्वांत ठसठशीत आवाज. जन्म व जडणघडण मुंबईत. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी व वाद्यवादन शिकवले जाई. तिथे तयार झालेले वादक मुंबईची हॉटेले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गाजवू लागले. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या साथीला असलेला चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक त्यांच्यातलाच. मडगावचे क्रिस पेरी (१९२८–२००२) याच परंपरेतले. ट्रम्पेट व सॅक्सोफोन वाजवणाऱ्या या संगीतकाराने लोर्नाला आपल्या बँडमध्ये घेतले आणि १९६० च्या दशकात ही जोडी मुंबई-कोलकात्याच्या रात्री रंगवू लागली.

हॉटेलांत गाणे इंग्रजी असे. पेरी यांनी तोच ठेका कोंकणी शब्दांना दिला, हे त्यांचे मोठे काम. पण ते लोकांच्या ओठी रुळले लोर्नामुळे. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’, ‘नाचुंया कुंपासार’ ही तिची गाणी गोव्यात आजही लग्नघरी वाजतात. तिचा आवाज जाड, भरदार. ती सूर दाबून धरते, शेवटच्या अक्षरावर कंप देते, आणि ब्रास वाद्यांचा गदारोळ चालू असतानाही शब्द स्पष्ट ऐकू येतो. ‘बेबदो’मध्ये तिचा फणकारा ऐकावा, मग ‘तुजो मोग’मधली संथ आर्जवी लय, एकाच गळ्याची ही दोन रूपे विलक्षण आहेत. तेरेखोल नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रातल्या वेंगुर्ले-मालवणच्या श्रोत्यालाही या गाण्यांचे कोंकणी शब्द फारसे अडत नाहीत.

पेरी यांच्याशी फारकत झाल्यावर ती वीसेक वर्षे रंगमंचापासून दूर राहिली. ऐन उमेदीतला हा काळ कोंकणी संगीताने गमावला, आणि ती हानी भरून आली नाही. १९९५ मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेरात यांच्या ‘हॅलो लोर्ना’ या गीतसंग्रहातून ती परतली, तेव्हा गोव्यातल्या रसिकांनी तिला डोक्यावर घेतले.

बार्द्रॉय बारेटो दिग्दर्शित नाचुंया कुंपासार (२०१४) हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त कोंकणी चित्रपट लोर्ना व पेरी यांच्या आयुष्यावर बेतलेला आहे. पात्रांची नावे मात्र बदललेली आहेत. पात्रांची नावे मात्र बदललेली आहेत. म्हणून लोर्नाचे गाणे जोखायचे तर जुन्या ध्वनिमुद्रिकाच ऐकाव्यात.