जराजन्य स्नायुऱ्हास आणि वऱ्हाडी आहार

उतारवयात हातापायांच्या स्नायूंचा भरीवपणा, बळ आणि कार्यक्षमता सामान्यापेक्षा अधिक घटण्याच्या विकारास जराजन्य स्नायुऱ्हास म्हणतात. ‘सार्कोपेनिया’ हे त्याचे वैद्यकीय नाव मांस आणि उणीव या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले असून ते अमेरिकन पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुचविले. सुश्रुतसंहितेतील मांसक्षयाच्या लक्षणांत गाल, कुल्ले, मांड्या व पोटऱ्या सुकणे येते.

गेलेल्या स्नायूची जागा पुष्कळदा चरबी घेते, त्यामुळे वजनकाटा फसवा ठरतो. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार मुठीची पकड पुरुषात २८ व स्त्रीत १८ किलोग्रॅमपेक्षा कमी भरली, किंवा हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठण्यास १२ वा अधिक सेकंद लागले, तर या विकाराची शंका घ्यावी, असे मानले जाते.

वृद्धाचा स्नायू आहारातील प्रथिनांना तरुण स्नायूइतका प्रतिसाद देत नाही. म्हणून तेवढीच बांधणी होण्यास त्याला एका जेवणात अधिक प्रथिने लागतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली, तर युरोपीय पुढाकाराने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम सुचविले. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण वैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावे लागते.

वऱ्हाडात प्रथिनांची वाण नाही. अडचण आहे ती ‘म्हातारपणी हलके खावे’ या समजुतीची. दात गेले की ज्वारीची अर्धी भाकर कुस्करून तिच्यावर वरणाचे वरवरचे पाणी ओतले जाते आणि तळाची डाळ इतरांच्या ताटात जाते. तीस ग्रॅम पिठाच्या त्या अर्ध्या भाकरीत जेमतेम ३ ग्रॅम प्रथिने असतात, तर पन्नास किलोग्रॅम वजनाच्या वृद्धाची दिवसाची गरज वरील युरोपीय हिशेबाने ५० ते ६० ग्रॅमची असते. याउलट पन्नास ग्रॅम बेसनाच्या मऊ झुणक्यात सुमारे १० ग्रॅम मिळतात, शिवाय ज्वारीत कमी असणारे लायसीन हे ॲमिनो आम्ल हरभरा व तूर भरून काढतात. सोयाबीनमध्ये शेकडा ३५हून अधिक प्रथिने असली, तरी शेतातून ते बहुतांशी बाजारात व तेलगिरणीत जाते. कच्च्या दाण्यातील पचनरोधक द्रव्यामुळे ते नीट शिजवून वा भाजूनच खावे लागते. एकादशीच्या साबुदाण्यात तर प्रथिने नावालाच असतात, त्या दिवशी काय ती मदत दाण्याच्या कुटाचीच.

नुसत्या आहाराने मात्र स्नायू बांधला जात नाही, त्याला भार लागतो, आणि तो रोजच्या कामातूनही मिळू शकतो. वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाट संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध असून तिथे जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलमाचा डोळा बांधताना कामगाराला जमिनीलगत उकिडवे बसावे व पुढच्या रोपाकडे जाताना उठावे लागते. मांड्यांचा हा व्यायाम कामाच्या ओघातच होतो. वयामुळे ते काम सुटले आणि दिवस खाटेवर जाऊ लागला की हा व्यायामही सुटतो. संत्र्यातून क जीवनसत्त्व भरपूर मिळते, प्रथिने मात्र जेमतेम, तेव्हा गावच्या फळावर या बाबतीत विसंबता येत नाही. भाराचा उपयोग मात्र फार उतारवयातही होतो: बोस्टन येथे केलेल्या व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा सराव केला, तेव्हा त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले.